हरिहरेश्वर ते रत्नागिरी किनाऱ्याने पायी: आठ दिवसांचा आराखडा तपासून हवा आहे

तांबडीमाती

नमस्कार मंडळी.

येत्या थंडीत हरिहरेश्वर ते रत्नागिरी हा टप्पा किनाऱ्याने पायी चालायचा विचार आहे. आम्ही चौघे आहोत, वयं ३४ ते ५६. सह्याद्रीतल्या दोन-तीन दिवसांच्या मोहिमा सगळ्यांनी केल्या आहेत, पण समुद्रकाठ आणि इतके सलग दिवस दोन्ही नवीन.

नकाशावर मोजून काढलेलं अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास भरतंय. रोज २२ किलोमीटर धरून आठ दिवस. मुक्काम असे मांडलेत: वेळास, आंजर्ले, लाडघर, दाभोळ, गुहागर, हेदवी, गणपतीपुळे, रत्नागिरी. तारीख डिसेंबरचा शेवटचा आठवडा, कारण सगळ्यांच्या सुट्ट्या तेव्हा जुळतात.

विचारायचं ते असं. रोज २२ झेपतील का? मोठ्या तीन खाड्यांवर फेरीबोट आहे हे माहीत आहे (बागमांडले–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड), पण मधल्या लहान खाड्यांचं काय, ओहोटीला चालत पार होतात का? तंबू न्यावा की मुक्काम गावात होतो? डोंगरात वापरतो ते घोट्यापर्यंतचे बूट वाळूत चालतील का? आणि पाणी किती वागवावं?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. आराखडा अजून कागदावरच आहे, बदलायला काहीच हरकत नाही.

सुकती

आधी तारीख बदला. सुट्टीची गर्दी हे एक कारण आहेच, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वेळास, मुरूड, गणपतीपुळ्याला ऐन वेळी खोली मिळणं मुश्किल. पण खरं कारण भरती-ओहोटीचं आहे. किनाऱ्याची चाल किलोमीटरवर आखून जमत नाही, ती तिथीवर आखावी लागते.

कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, येईल तो भरतीचा तास. अष्टमीला ८ × ३ ÷ ४ = ६, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, ओहोटी दुपारी बाराला. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणून सकाळी दहाच्या थोडं आधी ओहोटी. हा आडाखा मुंबईच्या बाजूचा. दक्षिणेकडे भरती आधी लागते, तेव्हा दापोली-गुहागरसाठी अर्धा तास अलीकडे धरा. शिवाय हे गणित अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतं, पौर्णिमा-अमावास्येच्या सांध्यावर जास्तच. आराखडा आखायला हे पुरतं. पण रोज निघण्याआधी त्या दिवसाची वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकात किंवा तुमच्या अॅपमध्ये पाहाच.

आता याचा तुमच्या चालीशी संबंध. वद्य प्रतिपदेला ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला लागते, तृतीयेला आठच्या सुमारास, पंचमीला सव्वानऊ-साडेनऊ, अष्टमीला साडेअकरा. म्हणजे पौर्णिमेपासून पुढचे पाच दिवस सकाळच्या गारव्यात पुळण (वाळूचा किनारा) उघडी मिळते. शिवाय ते उधाणाचे (सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचे) दिवस, पाणी जास्त आत जातं आणि ओली, कडक वाळू रुंद मिळते. अमावास्येनंतरही हेच. उलट अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी. पाणी फारसं आत जात नाही आणि जी काही वाळू उघडी पडते ती डोक्यावर ऊन आल्यावर. सकाळी सातला निघालात तर समुद्र अगदी वर आणि तुम्ही सुरूच्या बनाखालच्या भुसभुशीत कोरड्या वाळूत. तिथे तासाला दोन-अडीच किलोमीटर पडतात. ओल्या घट्ट वाळूवर चार सहज होतात. कोरड्या वाळूत कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद जाते, हे पोटऱ्या दुसऱ्या दिवशी सांगतात.

सुदैवाने तुमचा मार्गही या हिशेबाला अनुकूल आहे. लांब पुळणी पहिल्या अर्ध्यात आहेत (वेळास, केळशी, आडे-पाडले, आंजर्ले, मुरूड-कर्दे, लाडघर). बुरोंडीनंतर तवसाळपर्यंत निम्म्याहून जास्त चाल सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) आणि रस्त्याने आहे, तिथे भरती असो वा ओहोटी, फरक पडत नाही. म्हणून पौष किंवा माघ पौर्णिमेला चाल सुरू करा. चतुर्दशीला हरिहरेश्वरात पोचा. त्या दिवशी संध्याकाळी चार-साडेचारला ओहोटी असते, देवळामागची प्रदक्षिणेची वाट तेव्हाच करायची. ती वाट पायऱ्या उतरून थेट लाटांच्या कातळावर जाते. भरती चढत असताना तिथे माणसं ओढली गेली आहेत. पुजारी नको म्हणाले तर नको.

घट्ट वाळू ओळखायची खूण: चकाकणारी वाळू पाण्याने भरलेली असते, पाय रुततो. तिच्या वरच्या अंगाला ओली पण मंद रंगाची पट्टी असते. तिथे पाय टेकला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी दिसते आणि पाय उचलला की पुन्हा ओली होते. ती पट्टी धरा. पाणी उतरत जाईल तशी पट्टीही खाली सरकते, तिच्याबरोबर सरकायचं.

पुळण समुद्राकडे उतरती असते हे मात्र विसरू नका. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना उजवा पाय सतत खाली पडतो. दोन-तीन दिवसांत गुडघा किंवा घोटा धरतो. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं वरच्या सपाट भागातून चाला, नाहीतर पुळणीला समांतर वाडीतला रस्ता घ्या. दिशा मात्र तुम्ही बरोबर निवडली आहे. थंडीत दुपारनंतर वायव्येकडून वारा येतो, तो पाठीवर राहतो. ऊन तोंडावर येतं, म्हणून टोपी रुंद काठाची हवी. नुसत्या पुढच्या झापेची टोपी घातली तर कान आणि मान भाजतात.

लहान खाड्यांबद्दल: खाडीचं मुख चालत ओलांडायचं नाही. गुडघाभर दिसलं तरी नाही. मुखाजवळचा वाळूचा दांडा आणि पाण्याचा खोल पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो, गेल्या वर्षीची माहिती यंदा खोटी ठरते. त्यातून ओहोटीचा ओढ समुद्राकडे असतो. पाणी सगळ्या तासांत सारखं उतरत नाही. सहा तासांत एकूण बारा हिस्से धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं उतरतंय, आता जाऊ. तोच सगळ्यात जोराचा ओढ. व्हाळ किंवा पऱ्ह्या (लहान ओढा) असेल, तळ दिसत असेल, पाणी मांडीच्या खाली असेल तर सुकतीच्या (ओहोटीच्या) शेवटच्या तासात ओलांडा. पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवा. पायात सँडल हवी, कारण दगडांवर चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा पात्यासारख्या कापतात. पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेली असली तर ती सरकते. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, वेदना त्याने उतरते, आणि नंतर दवाखाना.

कातळी नाक्यांसाठी नियम एकच. डोंगराचं नाक (समुद्रात घुसलेलं टोक) खालून वळायचं असेल तर ओहोटीच्या दीड तास आधी त्यात शिरा. ओहोटीची वेळ होईपर्यंत पलीकडची वाळू दिसली नाही तर मागे फिरा. हिरव्या शेवाळावर कुठलाही तळवा टिकत नाही. शंका आली की वरची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) धरावी.

गडगा

सुकती यांनी वेळेचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो.

तुमचे आठ दिवस या मार्गाला पुरत नाहीत. अकरा चालीचे आणि एक विसाव्याचा असे बारा धरा. तितकी रजा नसेल तर गुहागरला थांबा. हरिहरेश्वर ते गुहागर सात दिवसांत नीट होतं आणि पुढचा टप्पा दुसऱ्या वर्षासाठी राहतो. आठ दिवसांत रत्नागिरी गाठायचीच म्हटलं तर निम्मं अंतर डांबरी रस्त्याने पळावं लागेल. त्यासाठी कोकणात यायची गरज नाही.

पौर्णिमा: हरिहरेश्वर, बागमांडले, फेरीबोट, वेसवी, बाणकोट, वेळास. पंधराएक किलोमीटर. रस्ता चांगला आहे, सुरुवातीला अंगाला सवय लावायला उत्तम. बाणकोटचा किल्ला वाटेतच, चढ थोडा आहे.

वद्य १: वेळास ते केळशी. मध्ये भारजा नदीची खाडी. उत्तर काठावरच्या कोळीवाडीत होडीची चौकशी आदल्या संध्याकाळीच वेळासच्या यजमानांकडून करून घ्या. सकाळी जाऊन विचारलं तर होडीवाला मासेमारीवर गेलेला असतो. सुकतीला होडी काठाला लागत नाही, चिखलात अडकते, म्हणून खाडी पार करायची वेळ भरतीची धरा, साधारण साडेदहा ते दीड. त्याआधी वेळासची पुळण ओहोटीत करून घ्यायची. होडी नाहीच मिळाली तर मांदिवलीच्या पुलावरून मोठा वळसा आहे. त्या दिवशी अर्धं अंतर एसटीने किंवा रिक्षाने गेलात तर मनाला लावून घेऊ नका.

वद्य २: केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. माझ्या मते सगळ्या मार्गातला हा सर्वांत सुंदर दिवस. केळशीची वाळूची टेकडी लांबून बघा, तिच्यावर चढू नका, ती ढासळते. आंजर्ल्यात शिरताना कड्यावरच्या गणपतीची पाखाडी घ्या, रस्ता नको.

वद्य ३: आंजर्ले, पूल, हर्णै, पाळंदे, मुरूड, कर्दे, लाडघर. हर्णैला बंदरात पुळणीवरून जाऊ नका. दोर, नांगर, बैलगाड्या, बर्फाच्या पेट्या यांतून वाट नसते आणि त्यांच्या कामात आपण अडथळा होतो. मुरूड-कर्दे ही सपाट, कडक पुळण, ती नऊच्या सुमाराला पायाखाली यायला हवी, म्हणून आंजर्ल्याहून सहाच्या आत निघा. कर्दे ते लाडघर वरून रस्त्याने.

वद्य ४: लाडघर, बुरोंडी, कोळथरे. इथून सडा सुरू होतो.
वद्य ५: कोळथरे, पंचनदी, दाभोळ, फेरीबोट, धोपावे. फेरीबोटीची पहिली आणि शेवटची वेळ आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.
वद्य ६: धोपावे ते गुहागर. अंजनवेल-वेलदूरच्या भागात वीजप्रकल्प आणि वायूची जेटी आहे. तिथे किनाऱ्याने जाता येत नाही, फोटोही काढू नयेत. गोपाळगड बघून वरच्या रस्त्याने गुहागरात उतरा. विसाव्याचा दिवस गुहागरला घ्या.

विसावा घेतल्यावर तिथी एकाने पुढे सरकते, ओहोटी दुपारी जाते. पण आता त्याने बिघडत नाही. गुहागरची पुळण सहाएक किलोमीटर सलग आहे, ती विसाव्याच्या दिवशी पिशवीशिवाय हिंडून घ्या. पुढे असगोली, पालशेत, अडूर-बुधल, वेळणेश्वर हा बराचसा चढ-उताराचा दिवस. प्रत्येक गाव खाली समुद्राला टेकलेलं आणि मधे सडा, म्हणजे दर तासा-दीड तासाने शंभरेक मीटर चढायचं आणि उतरायचं. नकाशावर हे कळत नाही, तुमचा २२ चा हिशेब मुख्यतः इथेच मोडतो. पालशेतला मुक्काम घेतला तर उत्तम. मग वेळणेश्वर, हेदवी, रोहिले, तवसाळ, जयगड. हेदवीच्या बामणघळीत (कातळातल्या चिंचोळ्या भेगेत) पाणी भरतीलाच उसळतं, पण बघताना घळीच्या तोंडापासून आणि ओल्या कातळापासून लांब उभं राहा. जयगडलाही बंदर आणि प्रकल्पामुळे किनारा बंद आहे. कऱ्हाटेश्वराकडून मालगुंड, गणपतीपुळे. शेवटचा दिवस नेवरे, आरे-वारे, काळबादेवी, साखरतरचा पूल, शिरगाव, रत्नागिरी. पंचवीस किलोमीटर. गणपतीपुळ्याच्या समुद्रात पोहायला उतरू नका, पुळण एकदम खोल जाते आणि ओढ वाईट आहे.

सड्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवा. जांभा लवकर तापतो आणि सावलीला झाड नसतं. उजाडताच निघून साडेदहाला खाली गावात उतरलेलं असावं. गवत वाळलेलं असतं, कुसळं मोज्यात शिरली की पायाची सालं काढतात. पातळ सुती मोज्यांवर गुडघ्याखालपर्यंत कापडी पट्टा गुंडाळा. चिरेखाणी सरळ कापलेल्या, पंधरा-वीस फूट खोल, कठडा नसतो. अंधारात सडा ओलांडायचा नाही याचं ते पहिलं कारण. दुसरं म्हणजे डुकरांसाठी लावलेले फासे. तिसरं फुरसं, हा विषारी साप. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी भरपूर आहेत, दगडाखाली आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) सांदीत बसतात, मातीच्याच रंगाची. चूल मांडायला दगड हाताने उचलायचा नाही, आधी काठीने उलटा करायचा. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो पाय न हलवता माणसाला झोपवून किंवा बसवून गाडीने रुग्णालयात. १०८ ला फोन करा. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय, गुहागरला ग्रामीण रुग्णालय, रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय. रोज सकाळी त्या दिवसाच्या वाटेवरचं जवळचं ठिकाण चौघांनाही माहीत असावं.

आणि बागा. माघानंतर आंब्याला मोहोर-कैरी असते, राखणदार असतात, कुंपणात काही ठिकाणी वीज सोडलेली असते. गडगा ओलांडून आडवाट काढू नका. बेडं (कुंपणाचं फाटक) दिसलं तर ते उघडायच्या आधी हाक मारा, आणि ओलांडल्यावर पुन्हा लावा. गुरं आत शिरली की एका रात्रीत बाग जाते.

तांबडीमाती

दोघांचेही मनापासून आभार. तारीख बदलतोय, माघ पौर्णिमा धरतो आणि यंदा गुहागरपर्यंतच. एक शंका राहिली: माघात वेळासला कासवांची पिल्लं बाहेर येतात ना? मग पुळणीवर तंबू टाकला तर चालेल का? आणि बूट, पाणी यांचंही कुणी सांगावं.

मीठभाकर

पुळणीवर तंबू अजिबात नको. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री अंडी घालायला वर येतात, उजेड आणि हालचाल दिसली की तशाच परत फिरतात. पिल्लं समुद्राच्या उजेडाकडे धावतात, विजेरी दिसली तर उलट दिशेला जातात. वेळास, आंजर्ले, गुहागर सगळीकडे हे लागू आहे. रात्री पुळणीवर जायचं तर तिथल्या कासवमित्रांबरोबरच. पिल्लं सोडताना बघायचं असेल तर सकाळ किंवा संध्याकाळची वेळ ते सांगतात, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं.

तंबूचं वजनच वाचवा. या मार्गावर प्रत्येक मुक्कामाला घरगुती सोय किंवा देवस्थानचं भक्तनिवास मिळतं. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाचंही निवास आहे. फक्त लहान गावात, म्हणजे कोळथरे, धोपावे, पालशेत इथे, आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय जेवण मिळणार नाही. तिथे रोज पाहुणे नसतात, माणसं मोजून भात टाकतात. चार माणसं, शाकाहारी किती, पोचायची वेळ, एवढं सांगा. उशीर होणार असेल तर तेही कळवा. अडचणीत देवळाच्या सभामंडपात झोपायची वेळ आली तर गुरवांना विचारून. आपली म्हणून एक हलकी चटई, एक चादर आणि मच्छरदाणी पुरते. पहाटे दव इतकं पडतं की उघड्यावर झोपलात तर चादर पिळून काढावी लागते.

आता पाय. घोट्यापर्यंतचे जाड बूट घरी ठेवा. एकदा खारं पाणी आत गेलं की दोन दिवस सुकत नाहीत, आणि ओल्या चामड्यात फोड येतातच. धावायचे हलके, जाळीदार, बंद बूट घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण उष्णतेने दुपारनंतर पाय सुजतात. जोडीला पट्ट्यांची सँडल. पुळण सँडलवर किंवा अनवाणी, सडा आणि रस्ता बुटात. अनवाणी पहिल्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही, ओली वाळू तळव्याला कानसीसारखी घासते आणि ते संध्याकाळी कळतं.

मोज्यांचे तीन जोड: एक पायात, एक वाळत, एक फक्त रात्रीचा. पुळणीवरून रस्त्यावर चढलात की आधी बसा, पाय गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि मगच मोजे घाला. दहा मिनिटं जातात. ती वाचवायला गेलात तर वाळूचे चार कण टाचेखाली राहतात आणि तासाभरात फोड. टाच किंवा अंगठा गरम लागला की त्याच जागी थांबा, चिकटपट्टी लावा, पुढच्या झाडापर्यंत जाऊ म्हणू नका. फोड आला तर फोडायचा नाही. फारच ताठरला तर उकळत्या पाण्यात धरलेल्या सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा. मांड्यांना खोबरेल तेल सकाळी निघतानाच. घामाचं आणि समुद्राचं मीठ सुकून तिथे काचतं, म्हणून संध्याकाळी अंग आणि कपडे दोन्ही गोड्या पाण्याने धुतलेच पाहिजेत.

पाणी: चालीच्या दिवशी माणशी चार ते पाच लिटर पोटात जायला हवं. एका वेळी पाठीवर पुळणीच्या दिवशी दोन लिटर, सड्याच्या दिवशी तीन. गावात कुणीही काका-मावशी पाणी देतात, बाटली पुढे करून मागायचं. पुळणीलगतच्या विहिरी थंडी संपत आली की मचूळ होतात. चव खारट लागली तर ते पिऊ नका, तहान वाढते. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे किती मीठ गेलं ते कळत नाही. पोटऱ्यांत गोळे, डोकं दुखणं, मळमळ ही त्याची लक्षणं, आणि नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर ती वाढतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं दिवसातून एक लिटर. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत ठेवा, त्यात मीठ असतंच, पेलाभर पाण्याला दोन चमचे. शहाळं चांगलं, पण त्यात मीठ जवळजवळ नसतं, तेव्हा त्यात चिमूटभर टाकून प्या.

खाणं वाटेपुरतंच. माणशी दिवसाला दोन नाचणीचे लाडू, मूठभर काजू-शेंगदाणे, एक आंबापोळी. आंबापोळी उन्हात चिकटते, केळीच्या पानात गुंडाळून डब्यात ठेवा.

पाण्यासकट पाठीवर आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका.

सुकती

मीठभाकर यांच्याशी पूर्ण सहमत, विशेषतः कासवांबद्दल.

दोन पुरवण्या. निघायच्या आठवड्यात इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा) लाटांचा इशारा रोज बघा. वारा नसताना, आभाळ स्वच्छ असतानाही लांबून आलेल्या लाटा उधाणाच्या वेळी पुळण पूर्ण झाकतात. इशारा असेल तर त्या दिवशी वरचा रस्ता. भरतीची रेघ कुठवर येते ते वाळलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ओळीवरून कळतं. दुपारची विश्रांतीसुद्धा त्या ओळीच्या वर घ्या, पिशव्याही वरच. किनाऱ्यावर किंवा पाण्यात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, इतर वेळी ११२. मुखाजवळ कड्याखाली फोनला रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा आणि एक कागदावरही.

गडगा

परतीचं राहिलं. येताना कोकण रेल्वेने माणगाव, तिथून श्रीवर्धनमार्गे एसटीने हरिहरेश्वर. गुहागरहून चिपळूणला एसटी आणि पुढे रेल्वे. मधेच कुणाचा पाय गेला तर वस्तीची एसटी शोधा. संध्याकाळी शेवटची गाडी गावात येऊन मुक्काम करते आणि पहाटे तालुक्याला निघते. वेळासच्या बाजूला मंडणगड, केळशी ते दाभोळपर्यंत दापोली. गाडी कितीला सुटते ते रात्री जेवतानाच विचारून ठेवा, फलकावरची वेळ आणि गाडीची वेळ यांत फरक असतो आणि पहाटे सांगायला कुणी जागं नसतं.

आणि त्या ५६ वर्षांच्या सोबत्यांसाठी: दोन काठ्या घ्या, एक नाही. लाडघर ते कोळथरे उतारावर गुडघ्यांना त्यांचा उपयोग होतो, व्हाळ ओलांडताना तळ चाचपायला होतो, आणि कोळीवाड्याजवळची कुत्री अंगावर आली तर ती काठी नुसती जमिनीवर टेकवून उभं राहिलं की पुरतं. वाळूसाठी काठीच्या टोकाला रुंद चकती लावा, नाहीतर ती हातभर आत जाते.

तांबडीमाती

काठ्या आणि चकत्या यादीत घातल्या. वेळासच्या यजमानांना आज फोन केला. होडीचं ते बघतो म्हणाले, पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करायला सांगितलंय. माघ चतुर्दशीला संध्याकाळी चारच्या आत हरिहरेश्वरात पोचायचं तर माणगावला सकाळच्याच गाडीने उतरावं लागेल, त्याप्रमाणे तिकिटं काढतोय.